मी काट मारलेल्या दोन इमारती

संपादकबाईंचा फोन आला, "तुमच्या कामाबद्दल लिहा." मी म्हटलं, "अहो, मी डॉक्टर नाही, प्रोफेसर नाही. मी निवडणुकीच्या याद्या करायचे. त्यात वाचण्यासारखं काय असणार?" बाई म्हणाल्या, "याद्या करायचात म्हणजे नक्की काय करायचात?" मी सांगत गेले. चहा गार झाला. शेवटी बाई म्हणाल्या, "हे जे आत्ता सांगितलंत ना, तेच."

तर सांगते. कॅनडात निवडणूक लागली की उमेदवाराला मतदारांची यादी मिळते. त्यात नाव आणि पत्ता असतो. धर्म, भाषा, कातडीचा रंग यातलं काही नसतं, आणि उमेदवाराला नेमकं तेच हवं असतं. कुठल्या दारात पंजाबीतून बोलणारा स्वयंसेवक पाठवायचा, कुठे तमिळ पत्रक टाकायचं, कुठल्या घरी देवळातला फोटो चालेल आणि कुठे चर्चमधला? मग कोणीतरी बसून नावं वाचायची आणि माणूस कोण असेल ते ओळखायचं. त्याचं सॉफ्टवेअर असतं, पण ते फसतं. ते फसलं की माझ्यासारखी बाई लागते.

मी वसईची, आडनाव परेरा. माझ्या शाळेच्या हजेरीपटात पंचवीस-तीस आडनावंच फिरून फिरून यायची. आमच्या मिसिसागा शहरातल्या एका गल्लीची यादी पहिल्यांदा हातात आली तेव्हा मी ती मोठ्याने वाचत सुटले होते. ग्रेवाल, न्गुएन, कोवाल्स्की, सिवलिंगम, ओकाफोर, मॅकडॉनल्ड, चौधरी. एका फूटपाथवर एवढं जग! नवऱ्याला वाटलं मी जपमाळ म्हणतेय. खरं सांगायचं तर मला तसंच काहीसं वाटत होतं.

नावावरून माणूस ओळखायला मला कोणी शिकवावं लागलं नाही. आपल्याकडे ते बाळकडूच असतं. 'कोण तुम्ही?' याचा अर्थ 'आडनाव काय?' आणि आडनाव कळलं की पुढचं विचारायची गरज नाही. गावाकडची ही खोड मला कॅनडात पगार देत होती. पटेल आणि पाटील यातला फरक, नुसता सिंग आणि गिल यातला फरक, कुठला खान हैदराबादचा असेल आणि कुठला पेशावरचा, हे मी बोट ठेवून सांगायचे. बरोबरचे गोरे लोक थक्क व्हायचे. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे लपवत नाही.

सॉफ्टवेअरची गंमत एकदा माझ्याच घरी आली. एका शनिवारी दार वाजलं. बाहेर एक लाजरा माणूस, हातात पोर्तुगीज भाषेतलं पत्रक. "बोम दिया, सेन्योरा," म्हणाला. सॉफ्टवेअरने परेरा, डिमेलो, लोपीस अशा आम्हा सगळ्या वसईकरांना पोर्तुगीज करून टाकलं होतं. मी त्याला म्हटलं, "बाबा, आमच्या देवाची प्रार्थनासुद्धा मराठीत असते." त्याला काही कळलं नाही, पण बिचाऱ्याने दोनदा माफी मागितली.

आमच्या ऑफिसात 'रेस', म्हणजे वंश, हा शब्द मी कधी ऐकला नाही. सगळे 'कम्युनिटी' म्हणायचे. 'या पोलमध्ये कुठली कम्युनिटी आहे, ॲग्नेस?' पोल म्हणजे एका मतपेटीचा भाग. मी सांगायचे आणि नकाशावर रंग चढायचे.

गेल्या दशकाच्या शेवटाकडची एक केंद्रीय निवडणूक होती. आमची उमेदवार होती मार्वा चार्ल्स. पन्नाशीची, उंच, काळी, सेंट व्हिन्सेंट नावाच्या इवल्याशा बेटावरून लहानपणी आईबरोबर आलेली. व्यवसायाने नर्स. हॉस्पिटलात नव्हे, घरोघरी जाऊन जखमांची ड्रेसिंग करणारी. तिला तिकीट मिळालं याचंच पुष्कळांना नवल वाटलं होतं, कारण मतदारसंघात गोरे आणि आपले देशी लोक जास्त. काळ्या मतदारांची संख्या किती, ते कोणालाच नीट माहीत नव्हतं.

का माहीत नव्हतं, ते माझ्या धंद्यातलं मर्म आहे. मार्वाने मला पहिल्याच आठवड्यात विचारलं, "तू देशी लोक ओळखतेस. माझे लोक ओळखतेस का यादीत?"

मी म्हटलं, "नाही ओळखता येत. विल्यम्स, थॉमस, जोसेफ. गोऱ्यांचीही हीच नावं."

ती म्हणाली, "कशी ओळखता येतील? ही आमची नावं नव्हेतच. आमचे पूर्वज गुलाम म्हणून ज्याच्या शेतावर राबायचे त्याचं नाव त्यांना मिळायचं. कोणीतरी चार्ल्स नावाचा मालक असणार आमचा." हे ती रागाने म्हणाली नाही, पट्टी गुंडाळता गुंडाळता सांगावं तसं म्हणाली. इतकी वर्षं नावं वाचून मला वाटत होतं की नावात माणूस असतोच.

प्रचाराचा व्यवस्थापक ग्रेग नावाचा एक गोरा माणूस होता. हुशार, कष्टाळू, डोनट आणून ठेवणारा. तो वाईट होता असं कोणी समजू नये. त्याने ठरवलं की बंगल्यांच्या गल्ल्यांमध्ये जाणाऱ्या पत्रकावर मार्वाचा फोटो नको, नुसतं नाव आणि 'नर्स' एवढंच पुरे. नाव वाचून कोणाला काही कळणार नाही, हे त्याने सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

मार्वाने ते पत्रक हातात घेऊन पाहिलं. "छान आहे," ती म्हणाली. "पण ग्रेग, दार वाजवल्यावर मी दिसणारच ना?"

ग्रेगचे कान लाल झाले. फोटो परत आला.

ग्रेगचं गणित मात्र खरं होतं. आमच्याकडे पाच आठवडे, मूठभर स्वयंसेवक, आणि संध्याकाळी दारं वाजवायला मिळतात ते दोन-अडीच तास. सगळी दारं वाजवणं शक्यच नसतं. म्हणून गेल्या वेळी कुठल्या भागात किती मतदान झालं ते पाहायचं आणि जिथले लोक मतदानाला जातच नाहीत ते भाग काढून टाकायचे. हे कापण्याचं काम माझं. आकड्यांवर नजर टाकायची, लाल पेन घ्यायचं आणि काट मारायची. त्यात नाव वाचायचंही नसतं.

आमचं ऑफिस पूर्वी गाद्यांचं दुकान होतं. तिथल्या भिंतीवर मी नकाशा लावला तेव्हा मार्वा कामावरून थेट आलेली होती, पायात अजून नर्सचे पांढरे बूट. ती नकाशासमोर बराच वेळ उभी राहिली. मग मॉलच्या मागच्या दोन उंच इमारतींवर तिने बोट ठेवलं. दोन्हींवर माझी काट.

"या का नाहीत?"

मी सांगितलं, "तिथले लोक मत द्यायला येत नाहीत. अख्ख्या मतदारसंघात सर्वांत कमी."

"बाकी कुठे कुठे काट आहे?"

मी दाखवत गेले. कालव्याजवळची भाड्याची घरं. हायवेच्या कडेची जुनी इमारत. दाखवता दाखवता माझाच हात मंदावला. मला नकाशावर आता ते दिसलं जे करताना दिसलं नव्हतं. जिथे जिथे मिसिसागात काळे लोक दाटीने राहतात, जिथे सोमाली बाया मुलांना शाळेत सोडतात, जिथे नुकतेच आलेले लोक एका फ्लॅटमध्ये दोन कुटुंबं करून राहतात, ते सगळं मी कापलं होतं. यादीत ते मला नावाने सापडत नव्हते आणि पत्त्याने गळून गेले होते. कुठेही 'रेस' लिहिलेलं नव्हतं. माझं गणित चोख होतं.

"त्या इमारतींची यादी दे," मार्वा म्हणाली.

मी कागद दिले. ती खुर्चीवर बसली आणि वाचायला लागली. मी वाचायचे ती नावं होती. ती वाचत होती ती माणसं होती.

"मिसेस थॉमस, सातवा मजला, मांडीवरची भाजल्याची जखम, गुरुवारी केळ्याचा केक करते. अब्दी, नववा मजला, आईला पाठीला घाव पडलेत, तो रात्रपाळीची टॅक्सी चालवून तिला कुशीवर वळवायला घरी येतो. मिस्टर बाप्टिस्ट, अकरावा मजला, मधुमेह, डाव्या पायाची दोन बोटं गेली…"

पान, दोन पानं, तीन पानं. सगळे तिला माहीत नव्हते, पण जे माहीत होते त्यांच्या जखमेपर्यंत माहीत होते. ग्रेग डोनट हातात धरून उभा होता.

"माणसं नाहीत माझ्याकडे पाठवायला," तो अखेर म्हणाला.

"मी आहे," मार्वा म्हणाली. "आणि ॲग्नेस आहे. तिला हिंदी येते."

मला कोणी विचारलं नव्हतं. पण नाही म्हणायला तोंडही नव्हतं. काट माझीच होती.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही जाऊ लागलो. पहिल्या दिवशी इमारतीची देखभाल पाहणारा सुपरिंटेंडंट आडवा आला, "इथे कोणी येत नाही, परवानगी नाही." उमेदवाराला आत येऊ द्यावंच लागतं असा कायदा आहे. मी तो कागद काढेपर्यंत त्याने मार्वाकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "अरे, तू तर नर्स! माझ्या सासूची नर्स!" लिफ्टचं बटण त्यानेच दाबलं.

त्या जिन्यांमधले वास मला अजून आठवतात. एका मजल्यावर खोबऱ्याच्या दुधातलं मटण, खालच्यावर लोबान, त्याखाली फोडणीचा लसूण. दार उघडलं की माणसं आधी घाबरायची, मग मार्वाला बघून आनंदाने ओरडायची. एका हैदराबादी बाईने मला हाताला धरून आत बसवलं. "बाजी, सात साल हो गए इस मुल्क का पासपोर्ट मिले. आज पहली बार किसी ने वोट माँगा है," ती म्हणाली आणि डोळ्याला ओढणी लावली. मत मागायला कोणी आलं म्हणून कोणाला रडू येईल, हे मी कधी कल्पिलं नव्हतं.

येत का नव्हते ते लोक? आळशी म्हणून नाही. कोणाला वाटे भाडेकरूला मत नसतं. कोणी चौथ्या मजल्यावरून नवव्यावर राहायला गेलेला, यादीत जुना फ्लॅट, टपालाने येणारं मतदानाचं कार्ड जुन्या दारात. कोणाकडे ड्रायव्हिंग लायसन्स नाही, म्हणून ओळख काय दाखवायची ते कळत नाही.

इथे नर्सचं डोकं कामाला आलं. केंद्रीय निवडणुकीत ओळख म्हणून दोन कागद चालतात, आणि त्यात औषधाच्या बाटलीवरचं लेबलसुद्धा चालतं. माझ्या हे वीस वर्षांत कधी लक्षात आलं नव्हतं. मार्वा प्रत्येक दारात सांगायची, "तुझ्या गोळ्यांची बाटली आण. तिच्यावर नाव आहे. आणि घराच्या भाड्याचा करार आण, त्यावर पत्ता आहे. झालं." त्या इमारतींमध्ये दुसरं काही नसलं तरी औषधाची बाटली घरोघर होती.

अकराव्या मजल्यावरच्या मिस्टर बाप्टिस्टनी मात्र ऐकून घेतलं आणि मान हलवली. ऐंशीच्या घरातले, इस्त्रीचा शर्ट, समोर पाय स्टुलावर ठेवलेला. शेजारच्या वॉन शहरातल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर वेल्डिंग केलेलं. मार्वा दोन वर्षं त्यांचा पाय धूत होती.

"मी जात नाही, मार्वा."

"का?"

"एकदा गेलो होतो. फार वर्षं झाली. नवीन नागरिक झालो होतो. कारखान्यातून सुटलो तो त्याच कपड्यांत गेलो. टेबलावरच्या माणसाने यादी बघितली की नाही, देव जाणे. म्हणाला, 'तुमचं नाव इथे नाही. चुकीच्या जागी आलात.' मागे रांग होती. सगळे बघत होते. घरी येऊन कार्ड बघितलं. जागा बरोबर होती."

मार्वाने खाली बसून त्यांच्या पायाची पट्टी तपासली, नीट आहे म्हणाली आणि उठली. "मी तुम्हाला आग्रह करणार नाही," एवढंच म्हणाली. लिफ्टमध्ये मी पाहिलं, ती भिंतीकडे तोंड करून उभी होती.

मतदानाच्या दिवशी मी त्या दोन इमारतींच्या केंद्रावर उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून बसले. शाळेचं जिम होतं. प्रतिनिधीने मतदाराशी बोलायचं नसतं. खुर्चीवर बसून बघायचं आणि कोणाचं मत झालं त्याचे क्रमांक टिपलेले कागद दर थोड्या वेळाने कर्मचाऱ्यांकडून घ्यायचे. सकाळी शुकशुकाट होता. दुपारी दोन वाजेपर्यंत माझा धीर सुटला. वाटलं, ग्रेगचं गणित बरोबर होतं.

तीननंतर दार उघडलं ते बंद झालंच नाही. हैदराबादी बाई आली, मागे तिच्या मजल्यावरच्या चार जणी. अब्दी आईला व्हीलचेअरवर घेऊन आला. मिसेस थॉमस चर्चला घालायची रविवारची टोपी घालून आल्या. प्रत्येकाच्या हातात औषधाची बाटली! जिमभर गोळ्यांचा खुळखुळ आवाज येत होता. इतक्या जणांची नवीन नोंद करायची तर वेळ लागणारच. रांग दारातून बाहेर, बाहेरून बस स्टॉपपर्यंत गेली. ऑक्टोबरचा गार वारा सुटलेला. मी मनात म्हणत होते, आता कंटाळतील, आता घरी जातील.

कोणी गेलं नाही. एक तास झाला, दीड तास झाला, एकही माणूस रांगेतून निघाला नाही. वर्गांतून छोट्या मुलांच्या खुर्च्या आल्या आणि म्हातारी माणसं एका खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर सरकत आली. मी पुष्कळ निवडणुका पाहिल्या आहेत. मोठमोठे नेते जवळून पाहिले आहेत. पण कोणासमोर उठून उभं राहावंसं मला त्या दिवशीच वाटलं. ज्यांच्यावर मी एका दुपारी काट मारली होती ती सगळी नावं चालत माझ्या समोरून जात होती.

आणि त्या रांगेत, तशाच एका बुटक्या खुर्चीवर गुडघे वर करून बसलेले मिस्टर बाप्टिस्ट दिसले. सूट, टाय, आणि आजारी पायात कापडी चप्पल.

त्यांची पाळी आली. टेबलावर एक तरुण गोरी मुलगी होती. तिने कार्ड मागितलं, नव्हतं. तिने यादीत बोट फिरवलं, पान उलटलं, पुन्हा बोट फिरवलं.

"तुमचं नाव या यादीत नाही, सर."

तेच शब्द. मला बोलायला मनाई होती. मी खुर्चीची कड घट्ट धरली. म्हातारा जागचा हलला नाही. मागे रांग होती, सगळे बघत होते. मग त्यांनी सावकाश कोटाच्या एका खिशातून बाटली काढली, दुसऱ्यातून घडी घातलेला भाडेकरार काढला, आणि दोन्ही टेबलावर ठेवलं.

"मी योग्य जागी आलोय," ते म्हणाले.

मुलीने बाटली फिरवून लेबल वाचलं. करार वाचला. "अगदी योग्य जागी," ती म्हणाली. "बसा, सर. आत्ता घालते नाव. स्पेलिंग सांगा."

त्यांनी एकेक अक्षर सांगितलं. आवाज एवढा स्पष्ट की जिमच्या टोकाला ऐकू गेला. मत देऊन परतताना ते माझ्या खुर्चीपाशी थांबले. "एवढंच असतं?" त्यांनी विचारलं. मी बोलू नये हे विसरून म्हटलं, "एवढंच." ते हसले आणि पाय ओढत गेले.

मार्वा हरली. थोडक्या मतांनी हरली. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेगने केंद्रवार आकडे माझ्यापुढे ठेवले. त्या दोन इमारतींतून तिला भरभरून मतं पडली होती. कालव्याजवळची घरं आणि हायवेकडची इमारत, जिथे आम्हाला जायला वेळ मिळाला नाही, तिथे नेहमीसारखाच शुकशुकाट. दोन आठवडे आधी सुरुवात केली असती तर, हे त्यालाही दिसत होतं, मलाही. ते दोन आठवडे माझ्या लाल पेनने घेतले. ही रुखरुख मी कोणाला फारशी सांगितलेली नाही, इथे सांगते.

दुपारी मार्वा म्हणाली, "चल, आभार मानून येऊ." तिची रजा संपली होती, ती ड्रेसिंगची बॅग घेऊनच निघाली. आम्ही अकराव्या मजल्यावर गेलो तेव्हा मला वाटलं होतं म्हातारा खचला असेल. ऐंशी वर्षांच्या माणसाने कसाबसा जीव गोळा करून मत दिलं आणि तेही हरलं.

दार उघडंच होतं. मिस्टर बाप्टिस्ट टेबलाशी बसले होते, चष्मा नाकावर.

"हरलो आपण," मार्वा म्हणाली.

"ऐकलं रेडिओवर," ते म्हणाले. "बस. हे बघ."

फार्मसीच्या पिशवीवर त्यांनी ठळक अक्षरांत एक यादी केली होती. काल कोण आलं नाही ते सकाळपासून दारोदार जाऊन विचारून आले होते, त्या पायाने. फ्लॅटचा नंबर, नाव, आणि पुढे कारण. एकाचे गुडघे. एकाची रात्रपाळी. एकाला मुलगा घेऊन जाणार होता, तो आलाच नाही. शेवटच्या एकीच्या पुढे लिहिलं होतं, 'भीती वाटते. लोक बघतात.' मी ती यादी दोनदा वाचली. माझ्या वीस वर्षांत मी अशी एकही यादी केली नव्हती.

त्यांनी पेनने त्या शेवटच्या नावाभोवती गोल केला आणि पिशवी माझ्याकडे सरकवली.

"पुढच्या वेळी हिला मी घेऊन जाईन," ते म्हणाले. "बाकीचे तू घे."